आत्या, अठरा किलो आणि नुवारा एलिया

श्रीलंकेच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत नुवारा एलिया बहुधा एका ओळीत उरकलेलं असतं: चहाचा कारखाना, सीता मंदिर, तलाव, मुक्काम. ज्यांना तिथल्या थंडीत रात्र काढायची नसते, त्यांच्यासाठी सोयीचा मार्ग म्हणजे कँडी शहरातून गाईडबरोबर सकाळी निघायचं आणि रात्री परत यायचं. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पण पुढचा सगळा भाग घाटाचा. जायला तीन तास धरावेत. सातला निघालात तर दिवस हाताशी राहतो. नऊला निघणारे दुपारच्या ढगात शिरतात आणि धुक्याचे फोटो घेऊन परत येतात.

तिकडे गाईड म्हणजे बरेचदा ड्रायव्हरच असतो. पर्यटन खात्याचा परवाना गळ्यात आणि घाटात एका हातानं धबधबा दाखवायची सवय. आमचा गाईड चाळिशीचा, सिंहली, इंग्रजी स्वच्छ. व्हॅनमध्ये नाशिकचं एक जोडपं, एक डच तरुण जोडी, मी आणि माझी आत्या. आत्या पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेली आहे, गुडघे कुरकुरतात, पण चौकशांचा उत्साह दांडगा. लग्नानंतरचं सगळं आयुष्य माटुंग्यात गेलं. शेजारी तमिळ, फुलवाली तमिळ, इडलीचं पीठ देणारा तमिळ. त्यामुळे भाजी-भांड्यांपुरतं तमिळ तिला येतं. ते इतकं उपयोगी पडेल असं निघताना वाटलं नव्हतं. गाईड तिला पहिल्या सिग्नलपासूनच 'अम्मा' म्हणायला लागला.

कँडी साधारण पाचशे मीटरवर आहे आणि नुवारा एलिया १८६८ मीटरवर. म्हणजे तीन तासांत आपण सव्वातेराशे मीटरहून जास्त वर चढतो. कँडीत घामानं चिकटलेला सदरा वाटेतल्या लाबुकेलीला पोचेपर्यंत स्वेटरखाली जातो. फेब्रुवारीत तिथे कोरडी हवा असते आणि पहाटे कडाक्याची थंडी. जाणकार सांगतात की नुवारा एलियाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चमधला. थंडीनं रोपाची वाढ मंदावते आणि पानात वास साठतो.

कँडीबाहेर पडता पडताच पेरादेनिया लागतं. तिथल्या वनस्पती उद्यानात १८३९ साली आसामातून चहाचं बी आलं होतं. पण ते हौसेचं होतं, धंद्याचं नव्हे. धंदा तेव्हा कॉफीचा होता. गंपोळा मागे पडल्यावर गाईडनं ही गोष्ट सुरू केली आणि ती तो चांगली सांगत होता.

१८१५ साली कँडीचं राज्य इंग्रजांकडे गेलं. राजा श्री विक्रम राजसिंह वेल्लोरच्या किल्ल्यात कैदेत गेला. मग डोंगर मोकळे झाले, म्हणजे इंग्रजांच्या दृष्टीनं मोकळे. १८४० साली कायदा आला: ज्या पडीक किंवा जंगलाच्या जमिनीवर कुणाला मालकी सिद्ध करता येत नाही, ती सरकारची. आळीपाळीनं जंगल तोडून-जाळून पेरणाऱ्या सिंहली शेतकऱ्याकडे कसला कागद असणार? त्या जमिनी एकरी काही शिलिंगांनी गोऱ्या मळेवाल्यांना गेल्या. इथपर्यंत सांगताना गाईडचा आवाज किंचित बदलला. ही त्याच्या बाजूची तक्रार होती, आणि ती खरी आहे.

कॉफी पावणेतीन लाख एकरांपर्यंत पसरली. तिच्यावर १८६९ साली तांबेरा पडला. पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी, मग पानगळ, मग नुसत्या काड्या. बुरशीचं शास्त्रीय नाव हेमिलिया व्हास्टाट्रिक्स; मळेवाल्यांनी चिडून तिचं 'डिव्हास्टेटिंग एमिली' असं नामकरण केलं. पंधरा-वीस वर्षांत कॉफी बुडाली. मेलेल्या झाडांची खोडं सोलून विलायतेला पाठवली आणि त्यांचे चहाच्या टेबलांना पाय झाले, असं सांगतात.

चहा रुजला तो एका हट्टी स्कॉटिश माणसामुळे. जेम्स टेलर १८५२ साली सतराव्या वर्षी इथे आला आणि लूलकंदुरा मळ्यावर नोकरीला लागला. १८६७ साली त्यानं तिथे १९ एकरांत चहा लावला. कारखाना नव्हता. बंगल्याच्या व्हरांड्यात टेबलावर पाला हातानं मळायचा, मातीच्या शेगडीवर कोळशाच्या धगीवर वाळवायचा. १८७३ साली त्याचा २३ पौंड चहा लंडनला गेला. माणूस उभ्या आयुष्यात रजेवर म्हणून बाहेर पडला तो दार्जिलिंगला, तिथला चहा कसा करतात ते बघायला. १८९२ साली तो वारला. कँडीच्या महैयावा दफनभूमीत त्याची कबर आहे. लूलकंदुरा आमच्या वाटेवर नव्हतं. वेगळ्या डोंगरात आहे आणि रस्ता खडतर, तिथे जायचं तर तो वेगळा दिवस. टेलरची जुनी अवजारं बघायची असतील तर कँडीजवळच हंताना डोंगरावर, १९२५ सालच्या जुन्या कारखान्यात, चहाचं संग्रहालय आहे.

टेलरच्या १९ एकरांचं पुढे काय झालं ते पुस्सेल्लावा ओलांडल्यावर काचेतूनच दिसतं. १८७५ साली देशात जेमतेम हजार एकर चहा होता, शतक संपताना तीन लाखांच्या वर. डोंगर माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकाच झाडानं झाकलेला. चहा म्हणजे खरं तर झाड. मोकळं सोडलं तर तीस फूट वाढेल. छाटून छाटून त्याला कमरेएवढं ठेवतात, म्हणजे हात पोचतो. मधूनमधून सिल्व्हर ओक आणि पांगारा सावलीला. हिरव्यावर हिरवं इतकं की पहिल्या अर्ध्या तासात डोळे निवतात आणि दुसऱ्यात, खरं सांगायचं तर, सवय होते.

रंबोडाला घाट वळणावळणांचा आहे. समोर १०९ मीटर उंचीचा धबधबा, खाली कोटमले धरणाचं पाणी, वर चिन्मय मिशननं बांधलेलं हनुमानाचं देऊळ. इथे एक जुना खेळ चालतो. एका वळणावर फुलांचा गुच्छ घेऊन मुलगा गाडीशी येतो, तुम्ही मान हलवता, गाडी पुढे जाते. तो मधल्या पायवाटेनं धावत डोंगर चढतो आणि पुढच्या वळणावर तोच मुलगा, तोच गुच्छ. तिसऱ्या वळणाला बहुतेक लोक पाकीट काढतात. आम्हाला भेटला तो मुलगा नव्हता, तिशीचा बाप्या होता. नाशिकच्या वहिनींनी त्याच्याकडून डेलिया घेतले आणि ते दिवसभर व्हॅनच्या डॅशबोर्डवर कोमेजत राहिले.

'फोटो पॉइंट'वर गाडी थांबली. मळ्याच्या कडेला दोघी वयस्क बाया उभ्या, भडक साड्या, कपाळावर मोठं कुंकू, पाठीवर वेताची टोपली, टोपलीचा पट्टा डोक्यावरून. डच मुलीनं त्यांच्यामध्ये उभं राहून फोटो काढला, पैसे दिले. आत्या टोपलीत डोकावली. तळाला मूठभर पाला, तोही सुकलेला. टोपल्या आता कामात नसतातच. खुडणाऱ्या बाया प्लॅस्टिकच्या धाग्याची हलकी पिशवी लावतात. वेताची टोपली ओली झाली की स्वतःच जड होते. टोपली उरली ती पर्यटकांसाठी आणि चहाच्या डब्यावरच्या चित्रासाठी. मला यात काही फसवणूक वाटली नाही. त्या दोघी निवृत्त मजूर होत्या, ओझ्याशिवाय उभं राहण्याचे पैसे त्यांना पहिल्यांदाच मिळत असावेत. पण खरी खुडणी बघायची असेल तर गाईडला स्पष्ट सांगावं लागतं, एवढं लक्षात आलं. सांगितलं आत्यानं. "हे नाटक झालं. काम कुठे चाललंय?"

काम दोन वळणं पुढे, रस्त्यापासून शंभर पावलं वर चाललं होतं. गाईडनं मुकादमाला विचारलं, त्यानं मान डोलावली. पंधरा-वीस बाया एका रांगेत झुडपांमधून सरकत होत्या. कमरेला जाड रेक्झिन गुंडाळलेलं, कारण चहाच्या फांद्या खरखरीत आणि दवानं भिजलेल्या असतात. पायाला जळवा लागू नयेत म्हणून साबण चोळलेला. प्रत्येकीजवळ एक काठी. ती मधूनच झुडपावर आडवी टाकायची, काठीच्या वर जे डोकावेल ते खुडायचं. त्यानं झुडपाचा माथा सपाट राहतो. एका झुडपाची पाळी साधारण आठवड्यानं येते. दोन पानं आणि एक कळी हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. ते खुडताना आवाज येतो हे मात्र ऐकलेलं नव्हतं. नखानं नाही, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत देठ मोडायचा, बारीक 'टक्' होतं. वीस बायांचं टक्-टक् चाललं होतं आणि मूठ भरली की हात न बघता खांद्यावरून मागे जात होता.

कडेच्या बाईशी आत्यानं तमिळ सुरू केलं. माटुंग्याचं तमिळ ऐकून बाईला आधी हसू आलं, मग ती बोलायला लागली, हात न थांबवता. पन्नाशीची असेल. तर्जनीला रबराची पट्टी बांधलेली, बाकीची बोटं चिकानं काळी. ती रेषांमधली काळी पुटं साबणानं जात नाहीत, असं तिनंच सांगितलं. मुलगा कोलंबोत दुकानात, मुलगी कपड्यांच्या कारखान्यात. मळ्यावर यायला दोघंही तयार नाहीत.

"एत्तनै किलो?" आत्यानं विचारलं. किती किलो?

"पदिनेट्टु." अठरा.

दिवसाला अठरा किलो हिरवा पाला, तर पूर्ण रोज. कमी भरला तर 'अरै पेर', अर्धी हजेरी. जास्त भरला तर वरच्या किलोंचे थोडे पैसे. वजन दिवसातून दोन-तीनदा होतं, आणि पाला ओला आहे, पिशवीचं वजन आहे म्हणून किलो-दोन किलो कापतात, ही मळ्यांवरची फार जुनी तक्रार आहे. रोज किती, हे तिनं सांगितलं आणि गाईडनं दुजोरा दिला. २०२१ साली मोठ्या भांडणानंतर रोजंदारी हजार रुपये झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ रोज १३५० श्रीलंकन रुपयांवर गेला. आपल्या पैशांत चारशेच्या आत.

आत्या व्हॅनमध्ये येऊन बसली ती हिशेब घेऊनच. "चार-साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो म्हणतोस. म्हणजे अठरा किलोचा चार किलो. लिलावात भाव काय?"

"बाराशेच्या आसपास, अम्मा."

"म्हणजे चार हजार आठशे. त्यातले तेराशे पन्नास हिचे."

गाईडनं मळेवाल्यांची बाजूही मांडली. खत, सरपण, वीज, कारखाना. शिवाय मळ्यांच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा मजुरीचाच, आणि केनियाचा चहा स्वस्त. २०२१ मध्ये सरकारनं एका रात्रीत रासायनिक खतं बंद केली तेव्हा पाला किती घटला, तेही सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर असेल. पण हिची मुलं यायला तयार नाहीत, तेही बरोबर आहे."

या बायांची गोष्ट गाईडच्या नेहमीच्या भाषणात नव्हती, म्हणून इथे थोडी सविस्तर सांगतो. कॉफीच्या काळापासून, म्हणजे १८२०-३० पासून, इंग्रजांनी तमिळ मुलखातून माणसं आणली. दुष्काळ आणि कर्जानं गांजलेली, बहुतेक खालच्या मानलेल्या जातींची. रामेश्वरच्या बाजूनं होडीनं मन्नारला उतरायचं आणि तिथून जंगलातून पायी मातळेपर्यंत. कॉलऱ्यानं, तापानं वाटेत किती मेले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. माणसं जमवून आणणारा तो 'कंगाणी', म्हणजे मुकादम. आगाऊ रक्कम तोच देणार, कर्जही त्याच्याच वहीत. राहायला बैठी चाळ, एकेका खोलीत एक कुटुंब, तिला तिकडे 'लाईन' म्हणतात. त्यांतल्या पुष्कळ अजून वापरात आहेत. रस्त्यावरून गंजलेल्या पत्र्यांच्या लांब ओळी दिसतात त्याच ह्या. अलीकडे काही मळ्यांवर भारत सरकारच्या मदतीनं सुटी घरं झाली आहेत.

१९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्यानं यांतले बहुतेक कुठलेच नागरिक राहिले नाहीत. देशाला परकीय चलन मिळवून देणारी सात लाखांवर माणसं बिनदेशाची. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. पावणेदहा लाखांपैकी सव्वापाच लाख भारतानं घ्यायचे, तीन लाख श्रीलंकेनं, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. ज्यांच्याविषयी हे बोलणं चाललं होतं त्यांतल्या बहुतेकांचा जन्म मळ्यावरचा. भारत त्यांनी पाहिलेला नव्हता. जे आले त्यांतल्या काहींना तमिळनाडू सरकारनं निलगिरीत, कोटगिरी-गुडलूरकडे, नवे मळे लावून काम दिलं. चहातून उठून पुन्हा चहातच. मागे राहिलेल्या शेवटच्या लोकांना श्रीलंकेचं नागरिकत्व मिळालं ते २००३ च्या कायद्यानं. आता ते स्वतःला 'मलैयह तमिळ' म्हणवतात, डोंगरातले तमिळ.

लाबुकेलीचा मळा रस्त्यालगतच आहे आणि दिवसाच्या सहलीतल्या बहुतेक गाड्या इथेच थांबतात. आधी मॅकवुड्सचा, आता दाम्रोचा. कारखाना म्हणजे रुपेरी पत्र्याची तीन-चार मजली उंच पेटी, सगळ्या बाजूंनी खिडक्याच खिडक्या. खिडक्यांचं कारण वरच्या मजल्यावर कळतं. तिथे लांबच लांब जाळीच्या खाटांवर पाला पसरलेला असतो, खालून पंख्याची हवा. रात्रभर, बारा-चौदा तास, पाला असा मऊ पडू देतात. त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी जातं. वास ताज्या कापलेल्या गवताचा. मग तो भोकातून खालच्या मजल्यावर, पितळी दात असलेल्या गोल जात्यांत. तिथे तो चिरडला जात नाही, पिळला जातो. रस बाहेर येऊन पानालाच चिकटतो. मग चाळणी, मग पुन्हा पिळणं. चाळून पडलेला ओला चुरा फरशीवर पसरून ठेवतात आणि तासा-दोन तासांत तो हिरव्याचा तांबूस, तांबूसचा तपकिरी होतो. याला सगळे 'फर्मेंटेशन' म्हणतात, पण यात आंबणं काहीच नाही. कापलेलं सफरचंद काळं पडतं तोच प्रकार. इथे मात्र मिनिटांचं गणित आहे. लवकर थांबवलं तर चहा कच्चा, उशीर झाला तर सपक. थांबवायचं म्हणजे भट्टीत घालायचं. शंभर अंशांच्या आगेमागे गरम हवेत वीसेक मिनिटं, की ओलावा तीन टक्क्यांवर येतो आणि चहा काळा होतो. भट्टीशेजारी उभं राहिल्यावर पहिल्यांदा वास 'चहा'चा आला. त्याआधीच्या तिन्ही खोल्यांत तो नव्हता.

आपण घरी जो दाणेदार चहा उकळतो तो वेगळ्या यंत्राचा. सीटीसी नावाची ती पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली: दातेरी रुळांत पानाचं पीठच करायचं आणि गोळ्या वळवायच्या. रंग झटकन, कडकपणा भरपूर, दुधाला तोंड देणारा. श्रीलंकेत बहुतेक चहा अजून जुन्या पद्धतीचा. म्हणून तो आपल्या पातेल्यात पाच मिनिटं उकळला की कडवट होतो आणि लोक म्हणतात, सिलोनचा चहा काही खास नाही.

शेवटी चाळण्या. मोठ्या अखंड पानाचा ओपी, मोडलेल्या पानाचा बीओपी, त्याहून बारीक बीओपीएफ, सर्वांत खाली डस्ट. ही अक्षरं दर्जाची नाहीत, आकाराची आहेत, हे दुकानात शिरण्याआधी डोक्यात पक्कं करावं. विक्रेता ते स्वतःहून सांगतोच असं नाही. न उमललेल्या कळ्या उन्हात वाळवून केलेल्या 'सिल्व्हर टिप्स' सर्वांत महाग. रंग जवळजवळ नाही, चव शोधावी लागते. चव घ्यायला तबकात मांडलेल्या सहा पेल्यांपैकी त्याच पेल्याशी आत्या अडली. "हे कशानं गरम केलेलं पाणी आहे?" दूध मागितल्यावर पेले देणाऱ्या मुलीचा चेहरा पडला, तरी तिनं दिलं. नाशिककर दादा मात्र डोळे मिटून 'फ्लोरल, फ्लोरल' करत होते.

एक सूचना. रविवारी आणि पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'च्या सुटीला, खुडणी बहुधा नसते, आणि पाला नसला की दुसऱ्या दिवशी यंत्रंही थंड असू शकतात. बंद यंत्रांसमोर उभं राहून माहिती ऐकण्यात काही अर्थ नाही. गाईड ठरवतानाच वार विचारून घ्यावा.

नुवारा एलिया गावाला मी फार वेळ दिला नसता तरी चाललं असतं. सॅम्युअल बेकर हा साहसी इंग्रज, जो पुढे आफ्रिकेत आल्बर्ट सरोवरापर्यंत पोचला, त्यानं १८४८ साली इथे विलायती खेडं वसवायचं मनावर घेतलं आणि गाई-मेंढ्यांपासून लोहारापर्यंत सगळं जहाजानं आणलं. त्याची छाया अजून आहे: लाल विटांचं १८९४ सालचं पोस्ट, १८७६ सालचा हिल क्लब, गव्हर्नर ग्रेगरीनं १८७३ साली करवलेला तलाव, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. महाबळेश्वर, माथेरान पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पोस्टात मात्र जरूर जावं. ते अजून चालू आहे, पत्रपेटीत टाकलेलं कार्ड खरंच जातं, आणि २०२३ मध्ये ही इमारत हॉटेलसाठी देण्याची बोलणी निघाली तेव्हा टपाल कर्मचारी संपावर गेले होते.

सीता एलिया गावापासून पाच किलोमीटरवर, बदुल्लाच्या रस्त्याला. देऊळ छोटं, दक्षिणी धाटणीचं, रंगीत. मागे ओढा आणि ओढ्यातल्या खडकावर खळगे, ती हनुमानाची पावलं म्हणून दाखवतात. मे २०२४ मध्ये इथे कुंभाभिषेक झाला त्याला अयोध्येहून शरयूचं पाणी आलं होतं. महाराष्ट्रातले लोक इथे इतके येतात की बाहेरचा शहाळीवाला 'ताई, या' म्हणाला. आत्यानं मनोभावे हात जोडले आणि मग माझ्या कानाशी म्हणाली, की इथे चौदा अंश आहे आणि सीतामाईजवळ शाल नव्हती. देवळात आमच्यापुढे उभं असलेलं कुटुंब मळ्यावरचं होतं. मुलाचं जावळ काढून थेट देवळात आलेलं, डोक्याला चंदन फासलेलं. रामायणाचे ठिपके जोडत हिंडणाऱ्या आम्हा लोकांसाठी ती अशोक वाटिका होती, त्यांच्यासाठी घराजवळचं देऊळ. शेजारीच हक्कगलाची बाग आहे, १८६१ साली हिवतापावरच्या सिंकोनासाठी काढलेली. वेळ असेल तर पाहा; आम्हाला नव्हता.

जेवण रस्त्यालगतच्या साध्या 'कडे'त, म्हणजे टपरीत, झालं. भात, नारळाच्या दुधातलं वरण, बीटाची भाजी, पोल सांबोल म्हणजे खोबऱ्याची चटणी, पापड. गावाबाहेर गाजर, लीक, बीट, कोबीचे ढीग मांडलेले दिसतात. देशभरची थंड हवेतली भाजी इथूनच खाली जाते. जेवणानंतर गाईडनं 'प्लेन टी' मागवला. आलं ठेचून घातलेला कोरा चहा, साखर नाही, बाजूला कितुळ माडाच्या गुळाचा खडा. खडा दाताखाली धरायचा आणि वरून घोट. पंचतारांकित कळ्यांवर नाक मुरडणाऱ्या आत्यानं हा दोनदा घेतला. "हा चहा," ती म्हणाली. टपरीवाल्यानं डबा दाखवला. डस्ट होता, सर्वांत खालच्या चाळणीचा.

परतीला नानू ओयाहून रेल्वे घेता येते. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. हा मार्ग नानू ओयाला १८८५ साली पोचला आणि त्यानंतर चहा बैलगाडीनं उतरवणं कमी झालं. गाडी उतारावर संथ येते आणि उशीर करते, तेव्हा दिवसाच्या सहलीत रेल्वे एकाच बाजूनं ठेवावी, तीही थोडं अंतरच. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'दित्वा' चक्रीवादळात याच डोंगरांत मोठ्या दरडी कोसळल्या, शेकडो माणसं गेली, रस्ते आणि लोहमार्ग तुटले. आता जाणाऱ्यांनी घाट आणि गाडी दोन्हींची ताजी खबर कँडीत विचारूनच निघावं. आम्ही त्याआधीच्या फेब्रुवारीत गेलो होतो आणि व्हॅननंच उतरलो.

उतरताना गाईड मोकळेपणानं बोलायला लागला. दिवसभर आम्ही जे पाहिलं ते श्रीलंकेच्या चहाचं चित्र आहे, पण हिशेबात ते थोडंच भरतं, असं तो म्हणाला. देशातला निम्म्याहून जास्त चहा आता सखल भागातला, गॉल, मातर, रत्नपुरा या जिल्ह्यांतला. तो काळाभोर, कडक चहा इराक, तुर्कस्तान, रशियाकडे जातो. आणि तो मोठ्या मळ्यांचा नाही. अर्ध्या-एक एकरवाल्या छोट्या शेतकऱ्यांचा. एकूण चहातला सत्तर टक्क्यांच्या आसपास पाला त्यांचा असतो. कंगाणी नाही, लाईन नाही. सकाळी घरच्यांनी खुडायचं, पिशवी रस्त्यावर ठेवायची, कारखान्याचा ट्रक येतो.

"तुला बरं माहीत," आत्या म्हणाली.

"माझं घर मातरकडच्या देनियायाचं, अम्मा. आमचा पाऊण एकर आहे. आई खुडते."

"मग तिकडे का नाही नेत लोकांना?"

तो हसला. तिकडे इंग्रजांचा बंगला नाही, म्हणाला, धबधबा नाही, थंडी नाही. रस्त्यावर गाडी लावायला जागासुद्धा नाही.

आत्यानं पर्स मांडीवर घेतली आणि विचारलं, "तुझ्या आईला किलोला काय देतात?"